विश्लेषण : छोट्याशा मेमरीत लांबलचक सिग्नल कसा मावतो? वेव्हफॉर्म जनरेटरमधील ‘सेगमेंट’ची युक्ती काय आहे?

हवामान रडार, अतिदक्षता विभागातील मॉनिटर आणि क्वांटम संगणक. या तिन्हींना हवा तसा सिग्नल पुरवणाऱ्या यंत्राची मेमरी मर्यादित असते. ती पुरवून वापरायची, तर मेमरीचे तुकडे पाडावे लागतात. हे कसे केले जाते आणि त्यात चूक झाली तर काय होते, याविषयी...

वडाळा ते कासारवडवली या मेट्रो ४ मार्गाच्या नकाशावर ठाण्यात कॅडबरी जंक्शन, माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा ही स्थानके ओळीने येतात. समजा, या मार्गावरच्या गाडीसाठी घोषणा ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. ‘पुढील स्थानक माजिवडा’, ‘पुढील स्थानक कापूरबावडी’ अशी पूर्ण वाक्ये साठवली, तर ‘पुढील स्थानक’ हे दोन शब्द प्रत्येक वाक्यात नव्याने जागा अडवतील. त्याऐवजी ते दोन शब्द एकदाच साठवायचे, स्थानकांची नावे वेगळी ठेवायची आणि कशानंतर काय वाजवायचे याची एक यादी करायची. आवाज तोच ऐकू येईल, जागा मात्र बरीच कमी लागेल.

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळांमध्ये ‘आर्बिट्ररी वेव्हफॉर्म जनरेटर’ नावाचे यंत्र असते. त्याच्या मेमरीचे तुकडे, म्हणजे ‘सेगमेंट’, पाडण्यामागे हाच विचार आहे.

हे यंत्र नेमके काय करते?

साधा सिग्नल जनरेटर ठरावीक आकाराच्या लहरी देतो: साइन, चौकोनी, त्रिकोणी. प्रत्यक्षातले सिग्नल असे सरळसोट नसतात. हृदयाचा ठोका, रडारचा प्रतिध्वनी, गाडीच्या इंजिनातील सेन्सरचा सिग्नल यांचे आकार वेडेवाकडे असतात. असा कोणताही आकार विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, रूपात तयार करून देणे हे आर्बिट्ररी वेव्हफॉर्म जनरेटरचे काम.

हवा तो आकार आधी आकड्यांत मांडला जातो. प्रत्येक आकडा म्हणजे त्या क्षणीचे व्होल्टेज. त्याला ‘सॅम्पल’ किंवा नमुना म्हणतात. हे नमुने यंत्राच्या मेमरीत ओळीने बसवले जातात. मग यंत्रातील घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला एकेक नमुना बाहेर काढून त्याचे व्होल्टेजमध्ये रूपांतर होते. मोबाइलमध्ये गाणे वाजते त्याचीच ही वेगवान आवृत्ती. गाण्याच्या सीडीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, तर प्रयोगशाळेतल्या चांगल्या यंत्रात हा वेग सेकंदाला १०० कोटी किंवा त्याहून जास्त असू शकतो.

मग मेमरी कमी का पडते?

वेगामुळे. सेकंदाला १०० कोटी नमुने बाहेर काढणाऱ्या यंत्रात १ कोटी नमुन्यांची मेमरी असेल, तर ती १० मिलिसेकंदांत संपते. म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

साधी मेमरी वाढवून हा प्रश्न सहज सुटत नाही. इतक्या वेगाने, एकही ठोका न चुकवता आकडे पुरवू शकणारी मेमरी लागते आणि ती महाग असते. शिवाय मेमरी मोठी केली, तरी ती संगणकावरून भरायला वेळ लागतोच.

पावसाळ्यात मुंबई-ठाणेकरांचे लक्ष ज्यांच्या चित्रांकडे असते, त्या कुलाबा आणि वेरावली येथील हवामान रडारचे उदाहरण घेऊ. अशी रडार अतिशय छोटी पल्स सोडतात आणि मग ढगांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीसाठी बराच वेळ कान देऊन बसतात. रेडिओलहरीला १५० किलोमीटर जाऊन परत यायला १ मिलिसेकंद लागतो. पल्स १ मायक्रोसेकंदाची धरली, तर एका मिलिसेकंदातला हजारावा भाग म्हणजे पल्स आणि उरलेले ९९९ भाग म्हणजे शांतता.

आता रडारचा रिसीव्हर तपासण्यासाठी वेगवेगळ्या १०० पल्सची मालिका तयार करायची आहे. सेकंदाला १०० कोटी या वेगाने एका मिलिसेकंदाला १० लाख नमुने लागतात, म्हणून १०० पल्सना १० कोटी नमुने लागतील. प्रत्येक नमुन्याला २ बाइट धरले, तर सुमारे २०० एमबी. यातले ९९.९ टक्के आकडे शून्य असतील. म्हणजे सगळी महागडी मेमरी शांतता साठवण्यातच जाते.

सेगमेंट पाडल्याने काय साधते?

मेमरी सलग न वापरता तिचे वेगवेगळ्या लांबीचे कप्पे केले जातात. प्रत्येक कप्प्याला क्रमांक मिळतो. त्याची सुरुवात मेमरीत कुठे आहे आणि लांबी किती आहे, एवढीच नोंद यंत्र ठेवते. मग प्रत्येक कप्प्यात एक छोटा आकार भरायचा.

वरच्या उदाहरणात १०० पल्सचे प्रत्येकी १,००० नमुन्यांचे १०० कप्पे होतील. शांततेचा मात्र एकच कप्पा, तोही १,००० नमुन्यांचा. प्रत्येक पल्सनंतर हाच कप्पा ९९९ वेळा वाजवायचा. एकूण लागले १ लाख १ हजार नमुने. म्हणजे २०० एमबीच्या जागी साधारण २०० केबी. काम जवळपास हजारपट कमी मेमरीत झाले आणि ती भरायचा वेळही तितकाच घटला.

दुसरा फायदा रोजच्या कामात जाणवतो. मालिकेतली एखादी पल्स बदलायची असेल, तर सगळी मेमरी नव्याने भरावी लागत नाही. तेवढाच कप्पा बदलला की झाले. अनेक चाचण्यांचे आकार एकदाच भरून ठेवले, तर एका चाचणीवरून दुसरीवर जाताना फक्त कप्प्याचा क्रमांक बदलावा लागतो. कारखान्यात रोज शेकडो सर्किट तपासली जातात, तिथे प्रत्येक सर्किटमागे वाचलेला सेकंदही महत्त्वाचा ठरतो.

कोणता तुकडा कधी वाजणार, हे कोण ठरवते?

त्यासाठी यंत्रात ‘सिक्वेन्स’, म्हणजे क्रमयादी असते. आरतीसंग्रहात धृपद एकदाच छापलेले असते आणि प्रत्येक कडव्यानंतर फक्त ‘धृ’ अशी खूण असते. म्हणणाऱ्याला तेवढे पुरते. क्रमयादीचे काम तसेच. तिच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी असतात: कितव्या क्रमांकाचा सेगमेंट, तो किती वेळा वाजवायचा आणि त्यानंतर काय करायचे.

या तिसऱ्या गोष्टीत यंत्राची खरी ताकद आहे. ‘त्यानंतर काय’ याची उत्तरे मुख्यतः तीन असतात. थेट पुढच्या ओळीवर जा. बाहेरून इशारा, म्हणजे ट्रिगर, येईपर्यंत थांब. किंवा अमुक इशारा आला तर अमुक ओळीवर उडी मार.

माजिवडा नाक्यावर आलेल्या गाडीचे जसे होते, तसेच इथे आहे. एक रस्ता घोडबंदरकडे, एक भिवंडी-नाशिककडे, एक मुंबईच्या दिशेने. सिग्नल मिळेपर्यंत थांबायचे आणि जायचे असेल त्या रस्त्याला लागायचे. सगळे रस्ते आधीपासून तयार असतात, नाक्यावर फक्त निवड होते. वेव्हफॉर्म जनरेटरमध्येही सगळे आकार आधीच मेमरीत असतात. ऐनवेळी होते ती फक्त निवड आणि म्हणूनच ती वेगाने होऊ शकते.

रुग्णालयातील मॉनिटरशी याचा संबंध काय?

अतिदक्षता विभागातील मॉनिटरने रुग्णाच्या हृदयाची लय बिघडताच गजर करायला हवा. तो करतो की नाही, हे प्रत्यक्ष रुग्णाची लय बिघडेपर्यंत वाट पाहून तपासता येत नाही. त्यासाठी कृत्रिम ईसीजी लागतो. वेव्हफॉर्म जनरेटरच्या जगात ही गरज जुनी आहे. एचपी ३३१२०ए या प्रयोगशाळांत खूप वापरल्या गेलेल्या जनरेटरमध्ये कारखान्यातूनच भरून दिलेल्या आकारांत हृदयाच्या ठोक्याचाही आकार होता. त्या यंत्राची मेमरी होती १६,००० नमुन्यांची.

हा आकडा समोर ठेवून हिशेब करू. ईसीजीसाठी सेकंदाला १,००० नमुने घेतले, तर एका मिनिटाला ६०,००० नमुने लागतील. १६,००० च्या मेमरीत पाव मिनिटभराचाच ईसीजी मावेल. पण मिनिटाला ७५ या गतीने एक ठोका ०.८ सेकंदाचा, म्हणजे फक्त ८०० नमुन्यांचा असतो. सेगमेंट पाडता येणाऱ्या यंत्रात तेवढ्याच मेमरीतून अख्खी चाचणी चालवता येते. कप्पा १ : नेहमीचा ठोका. कप्पा २ : वेळेआधी पडणारा ठोका आणि त्यानंतरचा थोडा लांबलेला विराम. कप्पा ३ : सपाट रेषा.

क्रमयादी अशी होईल : कप्पा १, ४० वेळा. कप्पा २, एकदा. पुन्हा कप्पा १, १० वेळा. मग इशाऱ्याची वाट. इशारा आला की कप्पा ३. सपाट रेषा सुरू झाल्यापासून किती सेकंदांत गजर वाजला, हे आता नेमके मोजता येते. तीच चाचणी दुसऱ्या मॉनिटरवर तंतोतंत तशीच पुन्हा करता येते. छातीवर मिळणारा ईसीजीचा सिग्नल साधारण १ मिलिव्होल्टचा असतो. त्यामुळे जनरेटरमधून निघणारा मोठा सिग्नल तेवढा लहान करूनच मॉनिटरला द्यावा लागतो.

तुकड्यांचा सांधा चुकला तर?

सेगमेंटची युक्ती सोपी वाटली, तरी अडचण सांध्यात असते. तुकडे जोडून केलेल्या घोषणेत कधी कधी मध्येच आवाज तुटल्यासारखा वाटतो, तसेच इथेही होते. एक तुकडा १ व्होल्टवर संपला आणि पुढचा शून्यावर सुरू झाला, तर सिग्नल एका ठोक्यात खाली कोसळतो. स्पीकरवर त्याचा ‘टक’ असा आवाज येईल. रेडिओ किंवा रडारच्या चाचणीत अशी उडी आजूबाजूच्या अनेक फ्रिक्वेन्सींवर कचरा पसरवते आणि तो दोष तपासल्या जाणाऱ्या सर्किटचाच आहे, असा समज होतो. चांगल्या सर्किटवर नापासाचा शिक्का बसू शकतो.

दुसरी चूक याहून बारीक आहे आणि नवख्यांकडून हमखास होते. साइन लहरीचा एक फेरा शून्यावर सुरू होतो आणि शून्यावरच संपतो. कप्प्यात भरताना पहिला आणि शेवटचा, असे दोन्ही शून्य ठेवले तर काय होईल? कप्पा पुन्हा वाजताना दोन शून्ये लागोपाठ येतील. प्रत्येक फेऱ्यात एक नमुना जादा झाला, तर लहर किंचित लंगडते आणि फ्रिक्वेन्सीही थोडी घसरते. म्हणून १०० नमुन्यांचा फेरा भरताना शंभरावा नमुना शून्याच्या एक पाऊल अलीकडे थांबवायचा. पुढचे शून्य पुढच्या फेऱ्याचे.

तिसरी अडचण लांबीची. मेमरीतून आकडे एकेक न निघता गठ्ठ्याने निघतात. त्यामुळे सेगमेंटची लांबी एखाद्या ठरावीक आकड्याच्या पटीतच असावी, अशी अट अनेक यंत्रांत असते. हा आकडा यंत्रागणिक बदलतो. तो ८ आहे असे धरू. १०० नमुन्यांचा एक फेरा ८ च्या पटीत बसत नाही. मग दोन फेरे मिळून २०० नमुन्यांचा कप्पा करायचा, तो बसतो. हे न करता शेवटी चार शून्ये चिकटवली, तर दर फेऱ्याला लहरीत खाच पडेल. सेगमेंटला किमान लांबीचीही अट असते. फारच छोटा तुकडा वाजवून होईपर्यंत पुढचा तुकडा शोधून आणायला यंत्राला वेळच मिळत नाही.

क्वांटम संगणकात ही बाब कळीची का?

सुपरकंडक्टिंग क्युबिट हे अतिशीत तापमानात ठेवलेले छोटे सर्किट असते. त्याला आज्ञा द्यायची ती मायक्रोवेव्ह लहरींच्या पल्समधून. ही पल्स काही दहा नॅनोसेकंदांची असते आणि तिचा आकार नेमका असावा लागतो. हा आकार वेव्हफॉर्म जनरेटर किंवा त्याच तत्त्वावर चालणारे सर्किट देते. क्युबिट मात्र त्याची अवस्था फार काळ टिकवू शकत नाही. अनेक प्रयोगांत हा काळ काही दहा ते काही शे मायक्रोसेकंद इतका असतो.

हा काळ मोजण्याचा प्रयोगच पाहा. पल्स देऊन क्युबिटला ‘१’ अवस्थेत न्यायचे, ठरावीक वेळ थांबायचे आणि मग अवस्था मोजायची. थांबण्याचा वेळ ० पासून १०० मायक्रोसेकंदांपर्यंत एकेकाने वाढवायचा. म्हणजे १०१ प्रयोग झाले. क्वांटम मोजणीत एका वेळचे उत्तर पुरत नाही, शक्यता काढावी लागते. म्हणून प्रत्येक प्रयोग १,००० वेळा केला, तर एकूण १ लाख १ हजार फेऱ्या होतात.

एक फेरी ५०० मायक्रोसेकंदांची धरली आणि सेकंदाला १०० कोटी नमुने घेतले, तर १०१ प्रयोगांचे आकार सलग साठवायला ५ कोटींहून अधिक नमुने लागतील. सेगमेंट वापरले तर मुळात तीनच आकार पुरतात: ४० नॅनोसेकंदांची पल्स, १ मायक्रोसेकंदाची शांतता आणि मोजणीची २ मायक्रोसेकंदांची पल्स. सगळे मिळून तीन हजारांच्या आसपास नमुने. बाकी काम क्रमयादीचे. शांतता कधी पाच वेळा, कधी ऐंशी वेळा.

वेळेचा हिशेब तर अधिक बोलका आहे. यंत्र स्वतःच्या यादीनुसार चालले, तर सगळ्या फेऱ्या मिळून ५१ सेकंदांच्या आत संपतात. तेच प्रत्येक फेरीआधी संगणकाने नवा आकार पाठवायचा ठरला आणि त्याला फक्त १० मिलिसेकंद लागले, तरी त्यातच जवळपास १७ मिनिटे जादा जातील. एवढ्या वेळात यंत्रणा आणि क्युबिट दोन्ही किंचित सरकलेले असू शकतात. मग मोजलेला फरक खरा की सरकण्याचा, हे कळणे अवघड होते.

पुढची पायरी आहे निर्णयाची. मोजणीत ‘१’ आले तर दुरुस्तीची पल्स द्यायची, ‘०’ आले तर द्यायची नाही. हा निर्णय क्युबिटची अवस्था विरण्याआधी, म्हणजे काही मायक्रोसेकंदांच्या आत घ्यावा लागतो. केबलवरून संगणकाला विचारून परत येण्याइतका वेळच नसतो. त्यामुळे दोन्ही पल्स आधीच मेमरीत हव्यात आणि उडी यंत्राच्या आतच मारली जायला हवी.

मुंबई-पुण्यात या क्षेत्रात काय घडले?

कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) ऑगस्ट २०२४ मध्ये ६ क्युबिटच्या सुपरकंडक्टिंग क्वांटम प्रोसेसरची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची चाचणी पूर्ण झाली. पुण्यातील डीआरडीओची क्वांटम तंत्रज्ञानासाठीची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा, टीआयएफआर आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (टीसीएस) यांचा हा एकत्रित प्रकल्प. क्युबिटची रचना आणि निर्मिती टीआयएफआरमध्ये झाली. क्लाउडवरून आज्ञा पाठवण्याची सोय टीसीएसच्या सहभागातून उभी राहिली.

नियंत्रण आणि मोजणीची यंत्रणा पुण्याच्या प्रयोगशाळेने जुळवली. त्यासाठी बाजारात तयार मिळणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणे आणि स्वतः प्रोग्रॅम केलेले बोर्ड यांचा मेळ घातला गेला. चाचणीत क्लाउडवरून क्वांटम सर्किट पाठवले गेले, ते प्रत्यक्ष प्रोसेसरवर चालले आणि उत्तर पुन्हा क्लाउडवर दिसले. बातम्यांत ठळक झाला तो ६ क्युबिटचा आकडा. पण क्लाउडवरच्या आज्ञेपासून क्युबिटपर्यंतच्या वाटेवर, ती आज्ञा नेमक्या वेळेच्या आणि नेमक्या आकाराच्या पल्समध्ये बदलणारा हा टप्पा असतोच.

पुढे काय?

केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजूर केलेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३.६५ कोटी रुपयांची तरतूद आहे. आठ वर्षांत ५० ते १,००० क्युबिटचे संगणक विकसित करणे हे त्याचे एक उद्दिष्ट. याच मिशनखाली क्वांटम सेन्सिंगचे केंद्र पवईच्या आयआयटी मुंबईकडे आहे. अनेक क्वांटम सेन्सरही अशाच पल्सच्या मालिकांवर चालतात.

सुपरकंडक्टिंग क्युबिट वाढतील तसे त्यांना पल्स पुरवणारे चॅनेलही वाढतात. प्रत्येक चॅनेलला आपली मेमरी, आपली क्रमयादी लागते आणि सगळ्यांचे घड्याळ एकाच ठोक्यावर चालावे लागते. ६ क्युबिटला टेबलावरची थोडी यंत्रे पुरतील. ५० किंवा १०० क्युबिटना तयार यंत्रे विकत घेत राहणे परवडणारे नाही. त्यामुळे हे काम करणारे बोर्ड देशात बनवणे आणि त्यांच्या मेमरीचा, क्रमयादीचा आराखडा स्वतः आखणे ही पुढच्या टप्प्याची गरज आहे.

अर्थात प्रत्येक सिग्नल असा तुकड्यांत बसत नाही. ज्यात काहीच पुन्हा येत नाही, असा सिग्नल, उदाहरणार्थ प्रत्यक्ष रस्त्यावर टिपलेला मोबाइल नेटवर्कचा गोंधळ, पूर्णच साठवावा लागतो. तिथे मोठ्या मेमरीला पर्याय नाही. म्हणून मेमरीचे तुकडे पाडण्याआधी इंजिनीअरला एक प्रश्न सोडवावा लागतो : या सिग्नलमध्ये पुन्हा पुन्हा येणारे काय आहे आणि दर वेळी नवे काय आहे? त्याचे उत्तर मिळाले, की किती मेमरी लागेल हे कागदावरच कळते.